शांत संगणकासाठी कूलर: निवड, जोडणी आणि पंख्याचा वेग

घरी बसून पुस्तकांचं वाचन ध्वनिमुद्रित करणारे, रात्री उशिरा व्हिडिओ एडिट करणारे, ऑनलाइन शिकवणी घेणारे, या सगळ्यांची एक तक्रार ठरलेली असते: संगणकाची घरघर. मग दुकानात जाऊन ‘सायलेंट’ असं छापलेला कूलर आणला जातो, बसवला जातो, आणि घरघर थोडी सूर बदलून तशीच राहते. लेबलाचा आवाजाशी फारसा संबंध नसतो. आवाज तीन गोष्टींवर ठरतो: प्रोसेसर किती वॅट उष्णता बाहेर टाकतो, ती पसरायला धातूचा किती पृष्ठभाग मिळतो, आणि त्या पृष्ठभागावरून हवा ढकलणारा पंखा किती वेगाने फिरतो. यातली पहिली गोष्ट बदलायला पैसे लागत नाहीत. म्हणून ही कृती बाजारातून सुरू करू नका, संगणकाच्या बायोसमधून सुरू करा.

उदाहरणासाठी एकच संगणक शेवटपर्यंत धरू. प्रोसेसर इंटेल कोअर आय७-१२७००, त्यावर खोक्यात आलेला कंपनीचाच छोटा गोल कूलर, मध्यम उंचीचं टॉवर कॅबिनेट, एक वेगळं ग्राफिक्स कार्ड. खोली नागपुरातली, मे महिन्यातल्या दुपारी आतलं तापमान ३५ अंश. काम म्हणजे रोजचं लिखाण आणि आवाजाचं संपादन, आणि अधूनमधून तासभर चालणारं व्हिडिओ एक्सपोर्ट.

आधी आवाज कुठून येतोय ते शोधा

कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा. संगणक सुरू ठेवून तुमचं नेहमीचं जड काम चालू करा. वर्तमानपत्राची घट्ट नळी करून तिचं एक टोक कानाला लावा आणि दुसरं टोक एकेका पंख्याजवळ न्या, पात्यांना न लागेल इतकं. प्रोसेसरचा पंखा, मागचा पंखा, पुढचे पंखे, एसएमपीएस, ग्राफिक्स कार्ड, आणि जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तीही. दोन मिनिटांत गुन्हेगार सापडतो. कान ओळखायला चुकत असतील तर बायोसमध्ये किंवा पंखे सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जाऊन प्रोसेसरच्या पंख्याचा वेग काही सेकंद खाली आणा. आवाज पडला तर तोच. नाही पडला तर कूलरवर खर्च करून काहीही साधणार नाही. गेम खेळताना येणारा आवाज बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाचा असतो. कॅबिनेटला हात लावल्यावर थांबणारी गुणगुण हार्ड डिस्कची किंवा सैल स्क्रूची असते. बारीक, चिरकी शिट्टी ऐकू येत असेल तर ती वीजपुरवठ्यातल्या कॉइलची, आणि तिच्यावर पंखा हा उपाय नाही.

वॅट मोजा

कूलर निवडताना सगळ्यात जास्त गोंधळ याच ठिकाणी होतो, म्हणून इथे थोडं थांबू या.

प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं आणि दुकानदारही तेच सांगतो. तो आकडा मूळ वेगाचा असतो. बाराव्या पिढीपासून इंटेल दोन आकडे देतं, मूळ आणि कमाल टर्बो. आय५-१२४०० साठी ते ६५ आणि ११७ आहेत. आपल्या आय७-१२७०० साठी ६५ आणि १८०. आय५-१४६००के साठी १२५ आणि १८१, तर आय९-१४९००के साठी १२५ आणि २५३. एएमडीचा हिशेब वेगळा आहे: एएम५ सॉकेटवर ६५ वॅट लिहिलेला रायझन प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत, १०५ चा १४२ पर्यंत, आणि १७० चा २३० पर्यंत जाऊ शकतो. लिहिलेल्या आकड्याला साधारण १.३५ ने गुणलं की खरी मर्यादा मिळते.

इंटेलच्या मूळ योजनेत साध्या, म्हणजे ‘के’ नसलेल्या प्रोसेसरने अर्ध्या मिनिटाच्या आसपास कमाल टर्बोवर धावून मग मूळ आकड्यावर उतरायचं असतं. पण अनेक मदरबोर्ड कंपन्या ही मर्यादा कारखान्यातूनच सैल सोडतात, कारण चाचण्यांत त्यांचा बोर्ड वेगवान दिसतो. परिणाम असा की, ६५ वॅटचा म्हणून घेतलेला प्रोसेसर तासभर १८० वॅट टाकत राहतो आणि ६५ वॅटसाठी बनवलेला छोटा कूलर पूर्ण वेगाने किंचाळत राहतो. यात दोष कूलरचा नसतो.

एचडब्ल्यूइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम उतरवून घ्या. त्यात ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ ही ओळ शोधा. मग तुमचं खरं काम करा: तासाभराचं एक्सपोर्ट, नेहमीचा गेम, नेहमीचं संपादन. सरासरी आणि कमाल असे दोन्ही आकडे कागदावर उतरवा. लिहिताना किंवा वेबपानं वाचताना तो आकडा बराच खाली असतो. बहुतेक गेम सगळे कोअर पूर्ण वापरत नाहीत, त्यामुळे तिथेही तो कमालपेक्षा कमी राहतो. सगळे कोअर एकदम राबवणारं काम, म्हणजे एक्सपोर्ट, थ्रीडी रेंडर किंवा मोठा प्रोग्रॅम कंपाइल करणं, हेच खरं परीक्षेचं काम. ते तुम्ही करतच नसाल तर मोठ्या कूलरची गरज नाही.

मग वॅट कमी करा

प्रोसेसरमधली उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि शेवटचा थोडा वेग मिळवण्यासाठी व्होल्टेज बरंच वाढवावं लागतं. म्हणून कमाल वेगाचा शेवटचा टप्पा फार महाग पडतो: उष्णता भरमसाठ, फायदा जेमतेम. ही मर्यादा थोडी खाली ओढली तर एक्सपोर्टला काही मिनिटं जास्त लागतात, पण उष्णता मोठ्या प्रमाणात उतरते. शांततेसाठी याहून चांगला सौदा दुसरा नाही.

संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. इंटेलच्या बोर्डवर ‘लाँग ड्युरेशन पॉवर लिमिट’ आणि ‘शॉर्ट ड्युरेशन पॉवर लिमिट’ अशा दोन नोंदी असतात. काही बोर्डांवर त्यांना पीएल१ आणि पीएल२ म्हणतात. आपल्या उदाहरणात दोन्हींत १२५ लिहा. रायझनच्या बोर्डवर ‘इको मोड’ शोधा आणि त्यातला ६५ वॅटचा पर्याय निवडा. १७० वॅटवाल्या रायझन ९ साठी १०५ चाही पर्याय मिळतो. सेव्ह करा, पुन्हा तेच काम चालवा, पुन्हा आकडे लिहा. एक्सपोर्टला लागलेला वेळही लिहा. तो वाढलेला वेळ तुम्हाला परवडतो की नाही, हे तुमच्याशिवाय कुणी ठरवू शकत नाही. ज्याला ग्राहकाचं काम संध्याकाळपर्यंत द्यायचं आहे त्याचं उत्तर वेगळं असेल आणि जो एक्सपोर्ट लावून जेवायला जातो त्याचं वेगळं.

या पायरीनंतर अनेकांची घरघर सुसह्य होते. आठवडाभर तसंच वापरून पाहा. तरी आवाज खटकत असेल तर पुढे जा. तोपर्यंत हातात खरा आकडा आलेला असतो, आणि कूलर त्या आकड्यासाठी घ्यायचा असतो.

खोलीचं तापमान हिशेबात धरा

परदेशी चाचण्या बहुतेक २० ते २५ अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. कूलर प्रोसेसरला अमुक अंशांवर ठेवत नाही. तो त्याला आजूबाजूच्या हवेपेक्षा अमुक अंश जास्तीवर ठेवतो. वॅट आणि पंख्याचा वेग तेच राहिले तर हा फरक जवळपास तोच राहतो. समजा एखाद्या चाचणीत २२ अंशांच्या खोलीत १२५ वॅटला प्रोसेसर ६७ वर राहिला. फरक ४५ चा. तुमच्या ३५ अंशांच्या खोलीत तोच प्रोसेसर ८० वर जाईल, आणि कॅबिनेटमध्ये कोंडलेल्या हवेचे चार-पाच अंश धरले तर ८५ च्या घरात. चाचणीतली शांत, ‘सहज पुरणारी’ वस्तू विदर्भाच्या उन्हाळ्यात काठावर येते. महाबळेश्वरला राहणाऱ्याला हे लागू नाही. चंद्रपूर, अकोला, जळगावच्या वाचकाने मात्र चाचणीत दिसणाऱ्या तापमानात स्वतःच्या खोलीचा फरक मिळवल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये. वाचलेल्या शिफारशीपेक्षा एक पायरी मोठा कूलर घेणं हा आपल्याकडचा साधा नियम आहे.

डेझर्ट कूलर लावत असाल तर त्याचा ओलसर झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका.

कॅबिनेट मोजा, सॉकेट पाहा

आता फूटपट्टी. प्रोसेसरवर कूलर असताना नीट मोजता येत नाही, म्हणून आधी कॅबिनेटच्या कंपनीने दिलेली ‘कमाल कूलर उंची’ शोधा. माहितीपत्रक हरवलं असेल तर कूलर काढल्यावर प्रोसेसरच्या धातूच्या झाकणापासून बाजूच्या झाकणाच्या आतल्या बाजूपर्यंतचं अंतर मोजा आणि त्यातून तीन-चार मिलिमीटर वजा करा. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई आणि डीपकूलचा एके४०० हे दोन्ही १५५ मिलिमीटर उंच आहेत, एके६२० हा १६०, नॉक्टुआचा एनएच-यू१२एस १५८ आणि एनएच-डी१५ हा १६५. दहा मिलिमीटरचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण काचेचं झाकण त्यामुळे लागत नाही. टीव्हीखाली मावणारं चपटं कॅबिनेट असेल तर नॉक्टुआचा एनएच-एल९ सारखा ३७ मिलिमीटरचा बुटका कूलरच बसेल. तो शांत हवा असेल तर प्रोसेसर ६५ वॅटवर बांधून ठेवावा लागेल.

रॅमच्या पट्ट्याही पाहा. मोठ्या जुळ्या टॉवरचा, म्हणजे धातूच्या पानांचे दोन उभे गठ्ठे असलेल्या कूलरचा, पुढचा पंखा रॅमवर येतो. एनएच-डी१५ च्या पंख्याखाली रॅमला ३२ मिलिमीटर जागा मिळते, म्हणजे साध्या, टोप नसलेल्या पट्ट्या कशाबशा बसतात. चमकत्या दिव्यांची उंच रॅम असेल तर पंखा वर सरकवावा लागतो, आणि पंखा वर सरकला की एकूण उंची वाढून पुन्हा झाकणाचा प्रश्न.

सॉकेटचा नियम थोडक्यात: इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीसाठी एलजीए १७००, त्याआधीच्या एलजीए ११५० पासून १२०० पर्यंतच्या बोर्डांपेक्षा याची कूलर बसवायची छिद्रं एकमेकांपासून लांब, ७५ ऐवजी ७८ मिलिमीटरवर. नव्या एलजीए १८५१ ची छिद्रं १७०० सारखीच. एएमडीच्या एएम४ आणि एएम५ ची छिद्रं सारखी आहेत, पण एएम५ बोर्डाची मागची पट्टी काढता येत नाही. स्वतःची पट्टी मागणारे काही जुने कूलर त्यावर बसत नाहीत.

आता कूलर निवडा

चांगल्या कूलरचं काम समजून घेतलं की जाहिरात आपोआप गळून पडते. तळाचा तांब्याचा ठोकळा प्रोसेसरची उष्णता घेतो. त्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्या, म्हणजे हीटपाइप, बंद आणि हवा काढलेल्या असतात. आत थोडंसं पाणी असतं. आत दाब कमी असल्याने ते खालच्या तापमानालाच उकळतं, वाफ वरच्या थंड टोकाकडे जाते, तिथे तिचं पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून ते परत खाली झिरपतं. पंप नाही, हलणारा भाग नाही, आवाज नाही. या नळ्या उष्णता अॅल्युमिनियमच्या पातळ पानांवर पसरवतात. बशीत ओतलेला चहा कपातल्यापेक्षा लवकर निवतो तो याच कारणाने: हवेला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. पानं जितकी जास्त, तितका पंखा हळू चालला तरी भागतं.

सगळी शांतता या ‘हळू’मध्ये आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर तो ढकलत असलेली हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबलचा फरकही कानाला निम्मा आवाज वाटतो. मोठ्या हीटसिंकवर, म्हणजे नळ्या-पानांच्या मोठ्या सांगाड्यावर, मात्र वेग निम्मा केल्याने तापमान काही अंशांनीच वाढतं. त्यामुळे मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालणाऱ्या छोट्या कूलरपेक्षा ७०० फेऱ्यांवर चालणारा मोठा कूलर नेहमी घ्यावा, दोघांचं तापमान सारखं दिसत असलं तरी. दोन पंखे म्हणजे दुप्पट आवाज ही समजूतही सोडा. सारख्या आवाजाचे दोन पंखे मिळून फक्त ३ डेसिबल वाढवतात, आणि दोघांनी काम वाटून घेतल्यावर प्रत्येकाचा वेग त्याहून जास्त उतरवता येतो.

खोक्यावरच्या डेसिबलच्या आकड्यांवरून दोन कंपन्यांची तुलना करू नका. किती अंतरावरून मोजलं, पंखा हीटसिंकवर होता की मोकळ्या हवेत, यावर तो आकडा हवा तसा वळतो. त्याऐवजी तीन गोष्टी बघा. पंख्याला चार पिनांची पीडब्ल्यूएम जोडणी आहे का? तो किमान किती वेगापर्यंत खाली येतो? ५०० फेऱ्यांच्या आसपास किंवा त्याखाली येणारा उत्तम. आणि बेअरिंग कोणतं आहे? साधं स्लीव्ह बेअरिंग नवं असताना शांत असतं, पण उष्णतेत आणि धुळीत लवकर कुरकुरायला लागतं. फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग जास्त टिकतं. रंगीत दिवे आवडत असतील तर घ्या, आवाजात त्यांनी काही फरक पडत नाही.

माझी निवड अशी. मर्यादा ६५ वॅटवर ठेवली असेल तर चार नळ्यांचा एकेरी टॉवर, एके४०० सारखा, वर्षभर पुरतो आणि शांत राहतो. १२५ वॅटला थंड हवेच्या ठिकाणी एकेरी टॉवर चालतो, पण आपल्या नागपूरच्या खोलीसाठी सहा नळ्यांचा जुळा टॉवर घ्यावा: पीअरलेस असॅसिन १२० एसई किंवा एके६२०. नॉक्टुआचा एनएच-डी१५ त्यांच्याहून सरस आहे, त्याचे पंखे कमी वेगात फार सुरेल चालतात, सहा वर्षांची हमी मिळते, आणि नवं सॉकेट आलं की कंपनी खरेदीच्या पुराव्यावर नव्या पट्ट्या फुकट देत आली आहे. पण त्याच्या किमतीत थर्मलराइटचे दोन सहज येतात आणि १२५ वॅटला दोघांतला फरक खुर्चीत बसून ओळखणं कठीण आहे. ज्याला दहा वर्षं तोच कूलर वापरायचा आहे किंवा जो मायक्रोफोनसमोर बसून पोट भरतो, त्याने नॉक्टुआ घ्यावा. बाकीच्यांनी उरलेले पैसे कॅबिनेटच्या दोन चांगल्या १४० मिलिमीटरच्या पंख्यांवर घालावेत.

पाण्याचा, म्हणजे एआयओ कूलर १८० वॅटच्या वर सतत राबणाऱ्यांसाठी योग्य. त्याखाली शांततेसाठी तो घेण्यात अर्थ नाही: काम नसतानाही पंप फिरत राहतो, त्याची बारीक गुणगुण मध्यरात्री ऐकू येते, आणि पंप बिघडला की सगळा संच बदलावा लागतो.

लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावातल्या दुकानात घेत असाल तर खोकं तिथेच उघडून तुमच्या सॉकेटच्या पट्ट्या आत आहेत का ते पाहा. जुन्या साठ्यातल्या खोक्यांत एलजीए १७०० च्या पट्ट्या नसतात आणि नंतर त्या मिळवायला हेलपाटे होतात. बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या.

बसवणे

जुना कूलर काढण्याआधी संगणक दहा मिनिटं चालवा म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णतावाहक पेस्ट मऊ होते. मग बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या धातूला हात लावा. पंख्याची वायर सोडवा, स्क्रू किंवा खुंट्या सैल करा आणि कूलर सरळ वर न ओढता डावीकडे-उजवीकडे हळू पिळून उचला. एएम४ वर हे विशेष पाळा. तिथे चिकटलेला प्रोसेसर कूलरबरोबर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

प्रोसेसरचं झाकण आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, धातू चकचकीत दिसेपर्यंत. मग मागची पट्टी आणि पुढचे दांडे माहितीपत्रकाप्रमाणे बसवा. त्यानंतर मध्यभागी वाटाण्याएवढी पेस्ट. एलजीए १७०० चा प्रोसेसर लांबट असल्याने एका थेंबाऐवजी लांबीच्या दिशेने दोन-तीन छोटे थेंब चांगले पसरतात. पेस्ट बोटाने पसरवू नका. दाबाने ती आपोआप पसरते. कूलरच्या तळाला चिकटवलेलं पारदर्शक प्लास्टिक काढलंय ना, हे आत्ता एकदा पाहा, कारण पुढे तापमान ९५ गाठतं तेव्हा सगळे पेस्टला दोष देतात आणि प्लास्टिक तिथेच असतं.

हीटसिंक ठेवा. दोन्ही स्क्रू आळीपाळीने, प्रत्येकी दोन-तीन वेढे असे आवळा; एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर तळ कलतो. स्क्रू थांबला की थांबा.

पंख्याची दिशा: हवा पुढून येऊन मागच्या पंख्याकडे जायला हवी. पंख्याच्या ज्या बाजूला चौकटीचे आडवे दांडे आणि मोटरचा स्टिकर दिसतो, तिकडून हवा बाहेर पडते. जुळ्या टॉवरमधले दोन्ही पंखे एकाच दिशेने ढकलणारे हवेत. शंका असेल तर सुरू केल्यावर टिश्यूची पातळ पट्टी समोर धरून पाहा. पहिला पंखा मदरबोर्डावरच्या ‘सीपीयू फॅन’ या जोडणीत, दुसरा सोबत आलेल्या दुहेरी वायरने तिथेच.

पंख्याचा वेग बसवणे

कूलर कितीही चांगला असला तरी ही पायरी गाळली तर सगळं वाया जातं. कारखान्यातून येणारी वेगाची रेषा फार घाबरट असते. ब्राउझरची एक खिडकी उघडली की प्रोसेसरचं तापमान क्षणभर १५ अंशांनी उडी मारतं, पंखा धावतो, पुन्हा शांत होतो, पुन्हा धावतो. कानाला सतत चालणारा मंद आवाज सहन होतो, हा चढ-उतार नाही.

बायोसमध्ये एसुसच्या बोर्डवर ‘क्यू-फॅन’, गिगाबाइटच्या बोर्डवर ‘स्मार्ट फॅन’ अशा नावाने ही रेषा मिळते. आधी पंखा किमान किती टक्क्यांना न थांबता फिरतो ते शोधा. मग रेषा अशी आखा: ६५ अंशांपर्यंत सरळ आडवी, ३० ते ३५ टक्क्यांवर, ७५ ला ४५ टक्के, ८५ ला ६५ टक्के, ९३ च्या पुढे पूर्ण वेग. ६५ पर्यंतचा सपाट भाग नागपूरच्या खोलीसाठी आहे. मे महिन्यात रिकामा बसलेला प्रोसेसरही ४५ ते ५० वर असतो; सपाट भाग ५० ला संपवला तर उन्हाळाभर पंखा शांत बसणार नाही. वेग वाढण्याआधी थांबायचा वेळ, म्हणजे ‘स्टेप अप टाइम’, असेल तर तो वाढवा. पाच सेकंदांच्या उडीने हीटसिंक तापत नाही, पंख्याने तिच्यामागे धावायचं कारण नाही. बायोसमध्ये हे पर्याय नसतील तर विंडोजवर ‘फॅन कंट्रोल’ नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात सगळं करता येतं.

आता हळूहळू वेग वाढवत कान लावून बसा. कोणत्या तरी एका वेगाला कॅबिनेट गुणगुणायला लागेल. तो वेग लिहून ठेवा आणि रेषा तिथे रेंगाळणार नाही अशी वळवा. दोन पंखे जवळजवळ सारख्या वेगाने फिरत असतील तर त्यांचे सूर एकमेकांत मिसळून ‘वूं-वूं’ असा हेलकावा येतो. मागच्या पंख्याचा वेग शंभरेक फेऱ्यांनी वेगळा ठेवला की तो जातो. कॅबिनेटचे पंखेही याच रीतीने मंद ठेवा, पण बंद करू नका. कोंडलेली गरम हवाच कूलर पुन्हा ओढत राहिला तर हीटसिंक कितीही मोठा असून उपयोग होत नाही.

तपासणी

तुमचं सगळ्यात जड काम अर्धा तास चालवा. पंख्याचा वेग, वॅट आणि तापमान लिहा. ८५ पर्यंत निश्चिंत राहा. आपल्या आय७ ची हद्द १०० अंश आहे. रायझन ७००० मालिकेतले बहुतेक प्रोसेसर ९५ पर्यंत जाण्यासाठीच बनवलेत, आणि मर्यादा न घातलेले मोठे मॉडेल जड कामात तिथे पोचतात. हद्दीला पोचल्यावर प्रोसेसर स्वतः वेग कमी करतो, जळत नाही. ६० अंश दिसावेत म्हणून पंखा पळवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: त्या वीस अंशांनी संगणक वेगवान होत नाही, आणि त्यांची किंमत तुमचे कान मोजतात.

ऐकण्याची चाचणी रात्री करा, खुर्चीत बसून, छताचा पंखा आणि एसी बंद करून. छताचा पंखा वर्षातले आठ महिने चालूच असेल तर त्याच्या आवाजाखाली संगणक बुडाला की तुमचं काम झालं. त्यापुढे एकेका डेसिबलसाठी पैसे घालू नका. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना ही सवलत नाही, कारण मायक्रोफोन छताचा पंखाही पकडतो आणि संगणकही. त्यांनी कॅबिनेट टेबलाखाली, मायक्रोफोनच्या पाठीमागच्या बाजूला ठेवावं. अंतर दुप्पट केल्याने मिळणारी शांतता कोणत्याही कूलरपेक्षा स्वस्त आहे.

पुढची निगा

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, वीतभर उंच ठेवा. पुढची जाळी महिन्यातून एकदा धुवून वाळवून लावा. दिवाळीच्या साफसफाईत आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी हीटसिंकची पानं मऊ ब्रशने झाडा. ब्लोअर वापरत असाल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी फिरू देऊ नका. स्वयंपाकघराजवळच्या किंवा रोज उदबत्ती लागणाऱ्या खोलीत धूळ तेलकट होऊन चिकटते, तिथे हे जास्त वेळा करावं लागतं. तापमान हळूहळू आठ-दहा अंशांनी वाढलेलं दिसलं आणि धूळ नसली तर पेस्ट बदला.

पंखा चार-सहा वर्षांनी कुरकुरायला लागेल. तेव्हा १२० मिलिमीटरचा साधा नवा पंखा घेऊन त्याच तारांच्या चिमट्यांत बसवा. हीटसिंकमध्ये झिजण्यासारखं काही नसतं आणि तो पुढच्या संगणकावरही चालतो. म्हणून कूलरच्या खोक्यात उरलेल्या पट्ट्या, स्क्रू आणि माहितीपत्रक एका पिशवीत घालून तारखेसह जपून ठेवा. सॉकेट बदललं की आधी तीच पिशवी उघडावी लागेल.